बोटांना कळेल असं

उमाळकर काकाजींच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी डोळे मिटायचे. मग ते लिंबू असो, लग्नाची पत्रिका असो की आमच्या नव्या पडद्याचं कापड असो. आम्ही यवतमाळला, लोहाऱ्याच्या रस्त्यावर, त्यांच्या शेजारी राहायला आलो. पहिल्याच दिवशी ओळख म्हणून मी वाडगाभर शिरा घेऊन गेले, तर त्यांनी शिऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाडग्यावर झाकलेला रुमाल उचलला, डोळे मिटले, अंगठा आणि तर्जनीत तो चोळला आणि म्हणाले, "धागा मिसळीचा आहे. दुकानदारानं सुती म्हणून देल्ला अशीन." मी हिरमुसले. तेवढ्यात आतून सिंधूकाकू आल्या आणि म्हणाल्या, यांचं मनावर घेऊ नकोस, आमच्या लग्नात यांनी अंतरपाट चोळून पाहिला होता. मला ती थट्टा वाटली. पुढे कळलं की खरंच पाहिला होता, आणि भटजींना त्याची प्रतही सांगितली होती.

काकाजी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला मूठभर कापूस उचलायचा, सरकी सोडवायची, उरलेला पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचा, आणि धागा किती लांब, किती मजबूत हे बोटांना कळलं की मालाची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. त्यांनी तोंडातून काढलेल्या एका शब्दावर समोरच्या शेतकऱ्याच्या घराचं वर्ष ठरायचं. त्यामुळे ग्रेडरला नमस्कार करणारे पुष्कळ, पण त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा कोणी नाही. काकाजींबद्दल तर जरा जास्तच वाईट बोललं जाई, कारण ते डोळे मिटून उभे राहत आणि लोकांना तो माज वाटे. बाभुळगावकडच्या एका म्हाताऱ्यानं भर केंद्रात म्हटलं होतं, "साहेब, डोये तं उघडा. माह्या मालाकडं पाहा तरी." काकाजी तसेच उभे राहून म्हणाले, "उघडले तं तुमच्या तोंडाकडं पाहीन, बाबाजी. मग कापसाचं खरं कसं सांगू?" हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, आणि त्या दिवशी ते न जेवता झोपले हेही सांगितलं.

माणसांनाही ते कापसाच्याच मापानं मोजत. एखादा दिलेला शब्द पाळणारा निघाला की तो 'लांब धाग्याचा'. लगेच चिडणारा, लगेच तुटणारा तो 'आखूड धाग्याचा'. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, त्यांनी पहिल्या महिन्यातच मध्यम धाग्यात बसवलं आणि पुढे कितीही विनवण्या केल्या तरी वर चढवलं नाही. तोंडावर कोणी फार कौतुक केलं की म्हणत, "हे ओलं वजन आहे." काही लोक वजन भरावं म्हणून कापसावर पाणी मारून आणत, त्यावरून आलेला तो शब्द. मला मात्र ते 'पोस्टमास्तरीण' म्हणत. मी पोस्टात दुपारपर्यंत तिकिटांच्या खिडकीवर बसत होते. मी कितीदा तरी तसं सांगितलं, पण त्यांनी मला दिलेली बढती शेवटपर्यंत परत घेतली नाही.

मी सांगते आहे ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. रोजचा पेपर उघडायला हात धजायचा नाही. खरेदी केंद्रं कधी उघडी, कधी बंद. उघडी असली तर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, आणि त्या रांगेत अवकाळीनं भिजलेला, काळवंडलेला माल. डोळे मिटले तरी बोटांना खोटं बोलता येत नव्हतं. काकाजी खालची प्रत सांगत, घरी येत आणि ओसरीवर बसून राहत. शेवटी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोपाच्या कार्यक्रमात वरच्या साहेबांनी त्यांच्यावर बरंच लांब भाषण केलं. ते कसं झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, ओलं वजन.

नोकरी सुटली, पण बोटं कुठे सुटणार? ओसरीवर बसल्या बसल्या ती काहीतरी शोधत राहायची. एक दिवस काकू माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, "गादी उसवून राह्यले हे. रोज थोडा थोडा कापूस काढतात अन् ओढून पाहतात. मी रात्री कशावर झोपू?" आम्ही दोघी खूप हसलो. पण त्या हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, यांना काहीतरी हाताला पाहिजे, नाही तर हे खचतील.

ते काहीतरी बाजारातून आलं. आमच्याकडे कापूस विकला नाही की लग्नं पुढे जातात, आणि लग्नं पुढे गेली की पलंग-कपाटं कोणी घेत नाही. असंच एक फर्निचरचं दुकान बंद होत होतं. मालकानं एक लहानसं राउटर मशीन काकाजींना देऊन टाकलं. एका हातात मावेल एवढं ते विजेचं यंत्र. त्याच्या तोंडात पोलादी बिट बसवायचा, तो गरगर फिरतो, आणि बिटाचा जसा आकार तशी लाकडात खाच पडते किंवा कड गोल होते. लाकूड लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून मिळे. कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या तिथे पडलेल्या असत. वीज मात्र आपल्या मर्जीची. भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज आली की काकाजी अंघोळ अर्धी टाकून मशीनकडे धावत. दुपारभर तो घूंऽऽ आवाज आमच्या कुंपणावरून येई. सुरुवातीला माझं डोकं उठायचं.

खरी मजा त्यांची बिट घ्यायला जाण्यात होती. बाजारात बिट दोन प्रकारे मिळत, सुटे आणि पेटीत. पेटी दिसायला फार गोजिरवाणी, लाकडी, आत मखमल, आणि मखमलीवर ओळीनं मांडलेले डझनभर चकचकीत बिट. काकाजींना त्या पेटीचा राग होता. त्यांचं म्हणणं, हलक्या कामाला एक सरळ, एक गोल आणि एक टोकदार एवढे तीन बिट पुरतात. बाकीचे मखमलीवर झोपतात. "पेटी घेणाऱ्याच्या घरी पेटीच राह्यते," हे त्यांचं ब्रीदवाक्य. सुधीरनं त्यांच्या नादानं एकदा हौसेनं पेटी आणली. काकाजींचं मशीन मागून आणून आमच्या पाटाची कड गोल करायला घेतली, तर लाकूड कापलं जाण्याऐवजी करपलं आणि घरभर धूर झाला. काकाजी कुंपणावरून आले, बिट हातात घेतला, डोळे मिटले आणि पात्यावर नख फिरवलं. सुधीर मान खाली घालून उभा होता. काकाजी एवढंच म्हणाले, की मध्यम धागा.

स्वस्त ते वाईट असं मात्र त्यांचं मत नव्हतं. उलट महागाचीच त्यांना चीड होती. स्वस्तातलं चांगलं शोधायचं, हा त्यांचा खेळ. दुकानात गेले की सुट्या बिटांचा डबा मागायचा. एकेक बिट काचेच्या काउंटरवर आडवा ठेवून बोटानं लोटायचा. दांडा सरळ असेल तर तो गुमान घरंगळत जातो, वाकडा असेल तर अडखळतो. मग पात्याच्या टोकाला जडवलेला कार्बाइडचा, म्हणजे पोलादाहूनही कठीण धातूचा, तुकडा बघायचा. तो जाड हवा, म्हणजे पुन्हा धार लावता येते, आणि त्याला पोलादाशी जोडणारी झाळ सगळीकडून भरलेली हवी, फट नको. मग नख. धारेनं नखाचा बारीकसा किस निघाला तर घ्यायचा. ज्या बिटाचं काम रोजचं, तो जरा भारीतला घ्यायचा. ज्याचं काम सणावारी, तो कितीही स्वस्त चालेल. दुकानदार सेठजी आधी वैतागत. मग त्यांनाही काकाजींवाचून करमेनासं झालं. काकाजी आठवडाभर दिसले नाहीत की माझ्याकडे पोस्टात आल्यावर विचारत, "काकाजी की तबियत ठीक है ना?"

त्या काळात आमच्या गल्लीत एकही टोकदार कड उरली नाही. सगळ्यांचे पाट, चौरंग, देव्हाऱ्यांच्या पायऱ्या, फोन ठेवायची फळी, सगळं काकाजींनी गोल करून दिलं. ते पुन्हा जेवायला लागले होते, पुन्हा माणसांच्या प्रती लावायला लागले होते. काकूंच्या जिवाला बरं वाटत होतं.

आणि तेव्हाच काकूंचे डोळे गेले. एकदम नाही. आधी त्या तांदळातले खडे माझ्याकडून निवडून घेऊ लागल्या, मग चहाचा कप बशीशेजारी ठेवू लागल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेलीही जाईल असं स्पष्ट सांगितलं. त्याच उन्हाळ्यात त्या मागच्या अंगणात पडल्या आणि मनगट मोडलं. पुण्याहून मुलगा आला, अविनाश. शहाणा, हळवा मुलगा. तो म्हणाला, बस झालं, आता दोघं माझ्याकडे चला. काकू नाही म्हणाल्या. तो म्हणाला, दिवाळीला मी परत येतो, तोपर्यंत तू पुन्हा पडलीस तर मी काही ऐकणार नाही. तो गेल्यावर काकू माझ्याजवळ बसल्या. मनगटाला प्लास्टर होतं. म्हणाल्या, "इथं मी घरची आहे. तिथं मी पाहुणी होईन, अन् तेही आंधळी पाहुणी. पाणीसुद्धा मागून प्यावं लागीन. मले माह्या चुलीपाशी राहू द्या, एवढंच म्हणणं आहे माहं."

काकाजी हे दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशीपासून मशीनचा आवाज बदलला. बराच वेळ चाले, थांबे, पुन्हा चाले. त्यांनी ठरवलं होतं की घरभर भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी पट्टी लावायची. झोपण्याच्या खोलीतून माजघरात, तिथून स्वयंपाकघरात, न्हाणीघराकडे, मागच्या अंगणापर्यंत. काकूंनी पट्टीवर हात ठेवून चालायचं. आणि प्रत्येक ठिकाणी पट्टीवर वेगळी खाच, म्हणजे बोटांना कळेल की आपण कुठे आलो. कल्पना ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुधीर म्हणाला, हा माणूसच लांब धाग्याचा.

पट्टी लागली. इतकी सुबक, की तिच्यावरून हात काढावासा वाटेना. काकूंनी नवं लुगडं नेसून पट्टीला हळद-कुंकू वाहिलं. मग डाव्या हातात डाळीचं पातेलं घेतलं, उजवा हात पट्टीवर ठेवला आणि निघाल्या. मी, सुधीर आणि काकाजी श्वास रोखून मागे. माजघर ओलांडलं, वळण घेतलं, आणि काकू अगदी ठामपणे डाळ घेऊन न्हाणीघरात शिरल्या.

काकाजींना ते सहन झालं नाही. खाचा वेगळ्या आहेत, नीट बोटांनी पाहा, असं ते जरा चढ्या आवाजातच म्हणाले. मीही हात लावून पाहिला. मला तर सगळीकडे सारखंच लागत होतं. खाचा होत्या, पण केसाएवढ्या. एक जरा खोल, दुसरी जरा उथळ. तो फरक कळायला जन्मभर कापूस ओढलेली बोटं पाहिजेत. हे काकाजींच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, बोटं म्हणजे बोटं, जगात सगळ्यांची सारखी. काकूंनी पातेलं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचीवाली बोटं कापसाची. माह्यावाली तव्याची. पस्तीस-चाळीस वर्षं पोया उलटवल्या मी या बोटांनी. त्यायले हे बारीक काही कळत नाही हो."

काकाजी ओसरीवर जाऊन बसले. दोन-तीन दिवस मशीन बंद, घरात बोलणं बंद. मला वाटलं, रुसले. तसं नव्हतं. एका दुपारी मी डोकावले तर काकू खुर्चीवर बसलेल्या आणि काकाजी जमिनीवर. काकूंचा हात त्यांनी स्वतःच्या हातात घेतला होता आणि एकेका बोटाचं पेर अंगठ्यानं दाबून पाहत होते. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि त्यांनी जगातला सगळा कापूस तपासला असेल, पण हा हात बहुतेक पहिल्यांदाच तपासत होते. मी तशीच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी ते काकूंना रिक्षात बसवून हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. मला रजा टाकायला लावून बरोबर घेतलं. बायको बरोबर आलेली पाहून सेठजी गडबडून उठले आणि सवयीनं पेटी पुढे केली, "काकाजी, अब तो पूरा सेट ले लो." काकाजींनी पेटी बाजूला सारली आणि भिंतीवर टांगलेली फळी काढून द्यायला सांगितली. प्रत्येक बिटानं लाकडात कसा आकार पडतो ते दाखवायला अशी नमुन्याची फळी दुकानात असते. ती काउंटरवर ठेवली. काकाजी काकूंना म्हणाले, "मी काही बोलत नाही. तू निवड."

काकूंचं बोट त्या फळीवरून हळूहळू फिरत होतं. एका खोल गोल खाचेत त्यांचा अंगठा बसला. म्हणाल्या, हे चांगलं, यात अंगठा ठेवून आंधळ्यासारखं नाही, रमतगमत चालता येईल, हे सगळीकडे करा. मग एका टोकदार खाचेपाशी बोट झटकन मागे आलं. म्हणाल्या, हे न्हाणीघरापाशी आणि पायरीपाशी, म्हणजे मला धाक राहील. मग पुष्कळ वेळ त्या शोधत राहिल्या. शेवटी शेजारी शेजारी दोन लाटा उठल्यासारखा एक आकार होता, त्यावर बोट थांबलं. हसल्या. म्हणाल्या, "ही माह्यी करंजीची कड आहे. हे चुलीपाशी."

सेठजींनी तो बिट काढला. त्याचा दांडा जाड निघाला, काकाजींच्या लहान मशीनच्या तोंडात न बसणारा. किंमतही त्यांच्या तत्त्वात न बसणारी. काकूंचा चेहरा पडला. काकाजींनी फळी जवळ ओढली, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांनी डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी ते काकूंचं बोट त्या लाटेवर कसं फिरतं तेच पाहत राहिले. मग म्हणाले, लहान गोल बिट दोनदा फिरवला, एकाला लागून एक, तर मध्ये हीच कड उठेल. अंगठ्याच्या खाचेचं काम घरभर होतं म्हणून तो बिट त्यांनी चांगल्यातला घेतला. टोकदार खाच दोनच जागी लागणार होती, म्हणून तो डब्यातला सगळ्यात स्वस्त. तिन्ही काउंटरवर घरंगळवून पाहिले, नख लावून पाहिलं. घासाघीसही पुरेपूर केली. सेठजींनी निरोप देताना काकूंना वाकून नमस्कार केला.

जुनी पट्टी उतरवली, नवी लागली. त्यावर काकाजींनी घेतलेली मेहनत मी कुंपणावरून पाहिली आहे. वीज गेली की तेवढ्या वेळात पॉलिशकागदानं घासायचे, आली की पुन्हा मशीन. या वेळी हळद-कुंकू नाही, प्रेक्षक नाहीत. एका सकाळी काकूंच्या घरातून फोडणीचा वास आला एवढंच. मी धावत गेले. काकू ओट्याशी उभ्या होत्या आणि त्यांचा डावा हात मागे भिंतीवर त्या करंजीच्या कडेवर होता. काकाजी माजघरात पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान मात्र तासभर तेच होतं.

दिवाळीला अविनाश आला. काकूंनी त्याला स्वतःच्या हातचं सगळं करून वाढलं. तो आईच्या मागे मागे घरभर फिरला, पट्टीवर स्वतःही हात फिरवला, डोळे पुसले आणि पुण्याची गोष्ट काढली नाही. जाताना बापाच्या पाया पडला. काकाजी त्याला म्हणाले, पोरा, तुझाही धागा बरा आहे. त्यांच्या तोंडून हे आलं म्हणजे पदकच होतं.

मला वाटलं होतं, आता हे असंच चालेल. दीड-एक वर्ष चाललंही. मग काकाजी बारीक व्हायला लागले. अन्न नकोसं झालं, मशीन धरलं की दम लागे. पोटात गाठ निघाली. अविनाशनं पुण्याला ऑपरेशन ठरवलं. तो दोघांना न्यायला येणार होता, आणि इथे त्या घरात मी कधी न ऐकलेलं भांडण झालं. काकू म्हणत होत्या, मीही येणार. काकाजी म्हणत होते, तू यायचं नाही. मी मध्ये पडायला गेले तर त्यांनी मला थांबवलं आणि काकूंना म्हणाले, "तू आली की परत येणार नाहीस. मी कसा येईन ते तिथं ठरन. पण घर सुटलं की बोटं विसरतात. तू इथं चुलीपाशी राह्य. मले तिकडं तेवढं एक सुख पाह्यजे, का तू आपल्या घरी आहेस." काकू पुष्कळ रडल्या. बाभुळगावची त्यांची भाची कॉलेजसाठी यवतमाळला येणारच होती, ती सोबतीला राहायला आली. मी शेजारी होतेच.

मग एक काम राहिलं. पट्टी घराच्या दारापर्यंत होती. ती ओसरीवरून, कुंपणाच्या कडेनं, आमच्या घराला लागून असलेल्या रस्त्यावरच्या फाटकापर्यंत न्यायची होती, म्हणजे काकूंना हाक मारायला माझ्यापर्यंत येता यावं. अंगठ्याच्या खाचेचा बिट झिजला होता आणि काकाजींना बाजारात जाववत नव्हतं. त्यांनी मला पाठवलं. काय काय पाहायचं ते तीनदा घोकून घेतलं. मी सेठजींच्या काचेवर बिट घरंगळवले, झाळ पाहिली, नख लावलं. सेठजी हसले नाहीत. त्यांनी स्वतःच डब्यातून एक शोधून माझ्यापुढे ठेवला आणि पैसे घेताना मान वर केली नाही.

तो बिट काकाजींनी हातात घेतला, पारखला आणि म्हणाले, ठीक आहे, पोस्टमास्तरीण. मशीन सुधीरनं धरलं, काकाजींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ती शेवटची पट्टी कापली. खाच एका जागी जरा वाकडी गेली. काकाजी म्हणाले, राहू दे, बोट पडलं की तिला कळेल की आता फाटक जवळ आलं.

ते परत आले नाहीत. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत तिकडेच गेले. काकू त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच घरात, आपल्या चुलीपाशी राहिल्या. पुन्हा पडल्या नाहीत. रोज दुपारी त्या ओसरीवरून कुंपणाच्या कडेनं माझ्याकडे यायच्या आणि वाकड्या खाचेपाशी आल्या की मला हाक मारायच्या. अजूनही दुपारी कुठे सुताराचं मशीन वाजलं की मी हातातलं काम थांबवते. त्या घूंऽऽनं माझं डोकं उठायचं, आणि आज मला तोच आवाज कुंपणावरून यावा असं इतकं वाटतं की सांगता येत नाही.

मला काकाजी शेवटचे दिसले ते निघायच्या दिवशी सकाळी. अविनाशची गाडी फाटकाबाहेर उभी होती. काकाजी आधी निघाले, भाचीच्या आधारानं, आणि गाडीत जाऊन बसले. काकू घरातून एकट्या निघाल्या. पट्टीवर अंगठा ठेवून ओसरी उतरल्या, कुंपणाच्या कडेनं फाटकापर्यंत आल्या. तिथे पट्टी संपली आणि त्यांचा हात हवेत पुढे गेला. गाडी कुठे आहे ते त्यांना कळेना. त्यांनी एक पाऊल बाहेर टाकलं. काकाजींनी गाडीच्या खिडकीतून पाहिलं. आवाज फार खोल गेला होता, पण स्पष्ट ऐकू आला.

"सिंधू, थांब. याच्यापुढं मी काही लावलं नाही."

काकू थांबल्या. मागे सरकल्या. हात पट्टीच्या टोकावर परत ठेवला आणि गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत तसाच ठेवून उभ्या राहिल्या.